चार अक्षरं आणि एक टिंब

"पियानो काय म्हणतोय?" असं मी ताईला विचारलं होतं. अगदी सहज, दिवसभराच्या धबडग्यात तिची आठवण आली म्हणून. उत्तर रात्री साडेअकराला आलं. रोमन लिपीतली चार अक्षरं आणि पुढे एक टिंब. एफ, आय, एन, ई, पूर्णविराम. मी ते वाचलं, खाली अंगठ्याचं चित्र डकवलं, फोन उशाशी उपडा ठेवला आणि दिवा मालवला. झोप मात्र लगेच लागली नाही. कपड्यात कुसळ अडकावं, शोधायला गेलं की सापडू नये आणि हात काढला की पुन्हा टोचावं, तसं काहीतरी होत राहिलं. कारण ताई असं लिहीत नाही. ताईचा मेसेज म्हणजे बोलणंच असतं, नुसता आवाज नसलेलं. देवनागरीत, एकही विरामचिन्ह न घालता, "अगं काय सांगू तुला आज" पासून सुरू होणारं आणि "बरं चल ठेवते" वर संपणारं. मेसेजमध्ये ठेवण्यासारखं काही नसतं, तरी ती "ठेवते" असंच लिहिते. आणि त्या रात्री एकच शब्द, तोही इंग्रजी, तोही टिंब देऊन बंद केलेला.

दुसऱ्या दिवशी मी फोन करायला हवा होता. केला नाही.

तीन आठवड्यांनी भावोजींचा फोन आला, कसल्याशा कागदाच्या कामासाठी. काम बोलून झालं आणि ठेवता ठेवता ते म्हणाले, "हिने तुला सांगितलं नाही का? पियानोचं झाकण उघडून अडीच महिने झाले. संधिवात निघालाय. सकाळी उजव्या हाताची बोटं मिटलेलीच असतात, ती उघडण्यात तास जातो." मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. इतकंच आठवतं की फोन ठेवल्यावर मी तो जुना मेसेज वर सरकवत सरकवत शोधून काढला आणि त्या चार अक्षरांकडे बघत बसले. अडीच महिने झाकण बंद. म्हणजे मी विचारलं तेव्हाही ते बंदच होतं. मग फाइन काय होतं?

त्या दिवसापासून हा शब्द माझ्या मागे लागला. एखाद्या शब्दाचे किती अर्थ असावेत याला धरबंध नसतो हे मला ऐकून माहीत होतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी 'रन' या एका क्रियापदाचे अर्थ लावायला पीटर गिलिव्हर या कोशकारांना नऊ महिने लागले आणि मोजदाद ६४५ अर्थांवर जाऊन थांबली. एका क्रियापदाला नऊ महिने! त्या मानाने 'फाइन' लहान घरातला. पण माझ्या वाट्याला तोच आला होता, आणि त्याची माझी ओळख फार जुनी होती. ती ओळखही ताईनेच करून दिलेली.

मी सातवीत असेन. इंग्रजीतून मराठीत भाषांतराची दहा वाक्यं होती. त्यातलं एक, 'द कोर्ट फाइन्ड हिम.' मी लिहिलं, 'न्यायालयाने त्याला बरे केले.' मला ते वाक्य फार आवडलं होतं हे अजून आठवतं. कोणीतरी वाईट वागलेला, खचलेला माणूस न्यायालयात जातो आणि तिथली मोठी माणसं त्याला समजावून, जवळ घेऊन, बरं करून घरी पाठवतात, असं एक पूर्ण चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, माझ्या वह्या तीच तपासायची. पेन्सिल कानामागे, पाय खुर्चीवर दुमडलेले. ती त्या वाक्याशी थांबली. हसली नाही. तिने मलाच ते वाक्य मोठ्याने वाचायला लावलं, मग पेन्सिल घेऊन समासात बारीक अक्षरात 'दंड' असं लिहिलं आणि म्हणाली, "हे दोन वेगळे शब्द आहेत. योगायोगाने सारखे दिसतात इतकंच." माझं बरं करणारं न्यायालय त्या क्षणी बंद झालं. मला रडू आल्याचं आठवतं, पण ते चूक झाल्याचं नव्हतं. ते चित्र गेल्याचं होतं.

ताईचं म्हणणं चूक होतं, हे मला आता इतक्या वर्षांनी कळलं. ते दोन शब्द योगायोगाने सारखे दिसत नाहीत. ते एकाच घरातून निघाले आहेत. लॅटिनमध्ये 'फिनिस' म्हणजे शेवट, आणि सीमासुद्धा. जिथे आपलं शेत संपतं तो बांध म्हणजे फिनिस. स्पेनच्या वायव्य टोकाला फिनिस्टेरे नावाचं भूशिर आहे, फ्रान्सच्या ब्रिटनीत फिनिस्तेर नावाचा अख्खा जिल्हा आहे. दोन्ही नावांचा अर्थ जमिनीचा शेवट. यापुढे पाणी. या एका शब्दातून 'फिनिश' आणि 'फायनल' निघाले हे तर उघडच आहे. पण ज्याच्याभोवती रेषा आखून झाली ते 'डिफाइन', ज्याला रेषेच्या आत कोंडलं ते 'कन्फाइन', आणि ज्याचा बांध माझ्या बांधाला लागून आहे त्याच्याशी माझी 'अॅफिनिटी'. हा शेवटचा शब्द मला फार आवडला. लॅटिनमध्ये तो शेजाऱ्यासाठी होता आणि लग्नातून जुळणाऱ्या सोयऱ्यांसाठीही. एका घराची हद्द संपते तिथूनच दुसऱ्याची सुरू होते, म्हणून ते जवळचे.

आपल्याकडचा 'अंत' नेमका याच वाटेने गेला आहे. 'इन्फिनिट'ला आपण 'अनंत' म्हणतो, आणि दोन्ही शब्दांची बांधणी अगदी सारखी: 'नाही' आणि 'शेवट'. लॅटिनमध्ये सीमेसाठी असलेला शब्द अनेकवचनात सगळ्या मुलखासाठी वापरत, आणि आपला 'प्रांत' हाही मुळात कडा, सीमेकडचा भाग, मग सगळा मुलूखच. जे सिद्ध होऊन शेवटाला पोहोचलं तो सिद्धांत. आणि बोलण्यात, अगदी घरच्या बोलण्यात, 'माझा अंत पाहू नकोस'. म्हणजे माझ्या सोसण्याची जी हद्द आहे तिथपर्यंत येऊन पलीकडे डोकावू नकोस. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या लांब वाढल्या आणि तरी दोघींनी शेवटाला सीमा मानलं, सीमेला मुलूख मानलं. मला हे कळलं तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता आणि कोणालातरी उठवून सांगावंसं वाटत होतं. सवयीने डोळ्यांसमोर ताईच आली.

मग दंड कुठून आला? शेवटातूनच. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमिनीचा तंटा न्यायालयापुढे मिटला की जो करार व्हायचा त्याचं नाव 'फाइन'. तंट्याचा शेवट, म्हणून फाइन. त्याची कागदपत्रं करण्याची रीत मी वाचली आणि ती अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. कातड्याचा एकच तुकडा घ्यायचे. त्यावर तोच मजकूर तीन वेळा लिहायचा: दोन प्रती वर, एकमेकींना लागून, आणि तिसरी तळाशी आडवी. सुरुवात ठरलेली, लॅटिनमध्ये, 'हा अंतिम समेट आहे'. मग प्रतींच्या मधल्या जागेत मोठ्या अक्षरात एक शब्द लिहायचा आणि त्या अक्षरांमधूनच सुरी फिरवायची. सरळ नाही, नागमोडी. एक तुकडा या पक्षाकडे, दुसरा त्या पक्षाकडे, आणि तळाचा न्यायालयाकडे. पुढे कोणी खोटा कागद घेऊन आलं तर तुकडे एकमेकांशी जुळवून बघायचे; लाट लाटेला लागली, कापलेलं अक्षर अक्षराला मिळालं, तर खरा. तळाच्या प्रतीला 'फाइनचा पाय' म्हणत. ११९५ सालापासून हे तळाचे तुकडे खजिन्यात जपून ठेवायला लागले आणि १८३३ च्या कायद्याने ही पद्धत बंद होईपर्यंत ते साठत गेले. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ते आजही आहेत.

तंटा मिटवायचा तर बहुतेकदा काही रक्कम मोजावी लागे. आधी शेवटाचं नाव फाइन होतं, मग शेवट करण्यासाठी मोजलेल्या पैशाचं झालं, आणि शेवटी तो मिटवण्याचा भाग गळून गेला आणि फक्त शिक्षेचा पैसा उरला. 'फायनान्स' हा आज इतका भारदस्त वाटणारा शब्दही याच गल्लीतला. देणं चुकतं करून एकदाचं मोकळं होणं, हा त्याचा जुना अर्थ. युद्धात पकडलेल्या माणसाला सोडवायला दिलेल्या खंडणीलाही तोच शब्द होता. हे वाचताना मला सातवीतलं वाक्य आठवलं. न्यायालयाने त्याला बरं केलं. तंटा मिटला, देणं चुकलं, माणूस मोकळा होऊन घरी गेला. अगदीच चूक नव्हतं ते.

आणि 'छान' या अर्थाचा फाइनही शेवटातूनच आला. जे शेवटापर्यंत नेलं, ज्यावर करण्यासारखं आता काही उरलं नाही, ते फाइन. मराठीत 'पोहोचलेला माणूस' म्हणतात तेव्हा तो कुठे पोहोचला हे कोणी विचारत नाही; पोहोचला यातच सगळं येतं. तसंच हे. धातू तापवत, गाळत, हिणकस काढत शेवटाला नेला की तो शुद्ध, म्हणून सोन्याची शुद्धता अजूनही 'फाइननेस'मध्ये मोजतात, हजार भागांत किती सोनं. २४ भागांत २२ भाग सोनं असेल तर ९१६. शुद्ध करताना गाळावं, दळावं, चाळावं लागतं, म्हणून फाइन म्हणजे बारीक. सूत कातत कातत शेवटाला नेलं की तलम. क्रिकेटमध्ये यष्टींमागच्या रेषेला जवळचा, अरुंद कोनातला, तो फाइन लेग. आणि हवेतल्या धुळीत २.५ मायक्रोमीटरपर्यंतचे कण ते 'फाइन'. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे त्याच्या तिसाव्या हिश्शाएवढे. डोळ्यांना दिसत नाहीत, नाकातल्या केसांना अडत नाहीत, आणि म्हणून जाडसर धुळीपेक्षा फुप्फुसात किती तरी खोल जातात.

इतकं सगळं गोळा झाल्यावरही कुसळ टोचायचं थांबलं नव्हतं. कारण मला हवा होता तो अर्थ कोशात नव्हता. 'कशी आहेस?' याला 'फाइन' म्हणणाऱ्या माणसाचा अर्थ.

तो शब्द आपण सगळेच वापरतो. लिफ्टमध्ये, फोनवर, दवाखान्यात पाय टाकतानासुद्धा. त्यात खोटं बोलण्याचा हेतू नसतो. समोरच्याला फार वेळ नाही हे आपल्याला दिसत असतं, आपल्यालाही सगळं उकरायचं नसतं, म्हणून आपण एक रेषा आखतो. इथपर्यंत तू, यापुढे मी. त्या अर्थाने हा शब्द आपल्या मुळाशी इमानी राहिला आहे. तो बांध घालतो. आणि भांडणात, 'फाइन!' असं म्हणून कोणी खोलीबाहेर जातं, तेव्हा तर तो मध्ययुगातला फाइनच असतो. तंटा संपला, फक्त समेट झालेला नाही. टिंब त्यात भर घालतं. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एकेका शब्दाची उत्तरं असलेले मेसेज वाचायला दिले होते, काहींत शेवटी पूर्णविराम, काहींत नाही. पूर्णविराम असलेली उत्तरं लोकांना कमी मनापासूनची वाटली. तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवली तेव्हा हा फरक पडला नाही. म्हणजे टिंब बिचारं तेच; फोनवर आल्यावर त्याचा दरवाजा झाला.

टिंबही मुळात आपलं नाही. मराठी गद्यात विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना देतात. त्याआधी आपल्याकडे होता तो दंड. चरणाच्या शेवटी एक उभी रेघ, ओवी पुरी झाली की दोन. ताईने माझ्या वहीच्या समासात 'दंड' लिहिलं तेव्हा तिच्या किंवा माझ्या मनातही नव्हतं की हा शब्द शिक्षेचा आहे, तसाच शेवटाच्या खुणेचाही आहे. 'फाइन'चं भाषांतर तिने केलं ते तिला वाटलं त्याहून किती तरी पूर्ण होतं.

'फाइन'ला मराठीत आणायचं तर मला 'बरं' हाच शब्द सुचतो, आणि तो सुचला की दोघांतलं अंतर लगेच दिसतं. 'बरं' कधी दार लावत नाही. 'बरं, मग?' म्हटलं की समोरचा पुढे सांगायला लागतो. 'बरं का' म्हटलं की कान टवकारतात. 'बरं बरं' दोनदा म्हटलं तर समजूत, आणि तेच जरा लांबवून म्हटलं तर नाराजी. पेपर बरा गेला म्हणजे चांगला गेला नाही, वाईटही नाही. बरेच दिवस म्हणजे पुष्कळ. ताप उतरून माणूस बरा होतो. 'हे बरं नव्हे' यात सगळ्या पिढ्यांची शिस्त आली. 'बरं झालं तू आलीस' यात वाट पाहिलेली दिसते. आणि जे तोंडाने उच्चारायचं नाही त्यालाही हाच शब्द धावून येतो: काही बरंवाईट झालं तर. आमची आई फोनवर एका बाजूने फक्त 'बरं' म्हणत असायची. बरं. बरं? बरं... बरं! आणि आम्ही दोघी पलीकडच्या खोलीत बसून, पलीकडचं एक अक्षरही न ऐकता, कोणाचा फोन आहे आणि काय झालंय ते ओळखायचो. ताई तर सुरावरून ओळखायची. हे 'बरं' खाली उतरलं म्हणजे मावशी, तिला पैसे हवेत. ते वर चढलं म्हणजे कोणाचं तरी लग्न ठरलं.

ताईने मला 'बरी आहे गं' असं लिहिलं असतं तर मी विचारलं असतं, म्हणजे काय? नुसती बरी? 'बरी' या शब्दात ती फट असतेच. तिथून बोट आत घालता येतं. 'फाइन'ला फट नव्हती, निदान मला तेव्हा दिसली नाही.

ती दिसली एका वेगळ्याच गोष्टीतून, आणि ती गोष्ट मी कशी विसरले होते याचंच मला नवल वाटतं. लहानपणी ताई पियानो वाजवायची तेव्हा मी तिची पानं उलटायचे. मला वाजवता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं, पण पान उलटण्याचं काम मी जीव लावून शिकले होते. वाजवणाऱ्याच्या डावीकडे उभं राहायचं. डावा हात वरून न्यायचा, म्हणजे तिच्या नजरेआड सुरांच्या ओळी येत नाहीत. पानाचा उजवीकडचा वरचा कोपरा दोन बोटांत आधीच धरून ठेवायचा आणि तिने मान किंचित हलवली की एकदाच, आवाज न करता, उलटायचं. घाई केली तर शेवटचे चार सूर जातात, उशीर केला तर पुढचे. ताई कधी रागावली नाही. पण चुकलं की तिचा एक श्वास थांबायचा, आणि तो मला ऐकू यायचा.

एक मिन्युएट होतं, जुन्या युरोपीय नाचाची धून, ते मला सगळ्यांत अवघड जायचं. वाजवायला नाही, उलटायला. दुसऱ्या पानाच्या तळाशी, दोन उभ्या रेषांपाशी, तोच शब्द छापलेला होता. एफ, आय, एन, ई. मी पहिल्यांदा तिला विचारलं होतं, "इथे 'छान' असं का लिहिलंय? कोणाला शाबासकी?" तेव्हा ती म्हणाली, "ते फाइन नाही. फीने. इटालियन आहे. म्हणजे शेवट." मी पाहिलं, पुढे तर अजून पानं होती. शेवट मध्येच कसा? मग तिने समजावलं. पहिल्या वेळी या शब्दापाशी थांबायचं नाही. जणू तो लिहिलेलाच नाही, असं पुढे जायचं. पान उलटून दुसरा भाग वाजवायचा. त्याच्या शेवटी लिहिलेलं असतं 'डा कापो आल फीने'. कापो म्हणजे डोकं. पुन्हा डोक्यापासून सुरू करायचं आणि या खेपेला फीनेपाशी थांबायचं. तोच शब्द, तीच जागा. पहिल्यांदा त्याला ओलांडायचं, दुसऱ्यांदा त्याचं ऐकायचं. माझं काम तिथेच अवघड व्हायचं, कारण पान पुढे नाही, मागे घ्यायचं असे, आणि एक नाही, दोन एकदम. ताईने त्यासाठी पहिल्या पानाला कागदाची एक पट्टी चिकटवून दिली होती, धरायला.

मी विचारलं होतं, पियानो काय म्हणतोय. तिने लिहिलं ती चार अक्षरं फाइन होती की फीने?

रोमन लिपीत दोन्ही सारखीच दिसतात. तिने नेहमीसारखं देवनागरीत लिहिलं असतं तर तिला निवडावं लागलं असतं. 'फा'ला काना, की 'फी'ला दीर्घ वेलांटी. आणि मलाही कळलं असतं. कदाचित म्हणूनच तिने देवनागरीत लिहिलं नाही. कदाचित तिने काहीच ठरवलं नव्हतं, रात्री साडेअकराला दुखणाऱ्या बोटांनी जे सगळ्यांत कमी टंकावं लागतं ते टंकलं. चार अक्षरं. कित्येक आठवडे ज्या हाताला झाकण उचलवत नव्हतं त्या हाताने 'अगं काय सांगू तुला' पासून सुरुवात करायची म्हणजे किती बोटं उचलायची. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर बाकीचे सगळे अर्थ, ते कातड्याचे तुकडे आणि सोनं आणि धूळ, काही वेळ अगदी दूर गेले.

मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले. मेसेजचं काढलं नाही. तिने दार उघडलं तेव्हा कडी डाव्या हाताने काढली हे मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे तिने पाहिलं. दुपारी भावोजी बाहेर गेल्यावर मी पियानोवरचं कापड दुमडून बाजूला ठेवलं. ती म्हणाली, "अगं, राहू दे." मी म्हटलं, "बरं." आणि झाकण उघडलं. औषधाने दुपारपर्यंत बोटं जरा मोकळी होतात असं ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. जुन्या वह्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात होत्या. मिन्युएटच्या पानांना तपकिरी कडा आल्या होत्या. कागदाची पट्टी अजून होती, डिंक वाळून पिवळी पडलेली.

ती बसली. मी डावीकडे उभी राहिले. तिने उजवा हात पट्ट्यांवर ठेवला, उचलला, डाव्या हाताने त्याची बोटं एकेक करून चोळली, पुन्हा ठेवला. सुरुवात इतकी संथ होती की ती तेच मिन्युएट आहे हे मला तिसऱ्या ओळीत कळलं. अनामिका जिथे पोहोचत नव्हती ते सूर ती सोडून देत होती, आणि सोडताना लय मात्र सोडत नव्हती. मोकळ्या जागा जागच्या जागी राहत होत्या. फीने आलं, तिने ते ओलांडलं, मी पान उलटलं. दुसरा भाग तिने जवळजवळ डाव्या हातानेच वाजवला. मग डा कापो. मी पट्टी धरली आणि ती हातातच आली, तरी पानं मागे गेली. पुन्हा पहिली ओळ, या वेळी जराशी मोकळी. दुसरं पान. शेवटची ओळ. दोन उभ्या रेषा आणि तो शब्द. मी हात खाली घेतला. तिचा श्वास मला ऐकू येत होता. ती थांबली नाही, तिने मान हलवली, आणि मी घाईने पान उलटलं.